बेंबीवरचा पट्टा

बाळाला न्हाऊ घालायचं काम मोबाईल बघून येत न्हाय, हे आधीच सांगून ठेवते. हल्लीच्या पोरी प्लास्टिकचा टब मांडतात, पाण्यात थर्मामीटर बुडवतात आणि बाळाला काचेच्या भांड्यागत दोन बोटांत धरतात. धरा बापडे. मी पाटावर बसून, पाय लांब करून, पोटऱ्यांवर बाळ पालथं घालून अडतीस वर्षं हे काम केलंय. खासबागेतल्या निम्म्या पोरांच्या टाळूत माझ्या हातचं तेल जिरलेलं हाय. त्यातली काही आता मोटारसायकलवरनं जाताना मला ओळखत न्हाईत, ती गोष्ट वेगळी.

माझं नाव गुणाबाई. माहेर जांबोटीच्या पलीकडं, पण तिथं आता कोण न्हाय. नवरा लग्नाच्या सातव्या वर्षी गोव्याला कामाला म्हणून गेला तो गेलाच. पोरबाळ झालं न्हाय. सासूनं हे काम हातात दिलं आणि तीही गेली. राहिली एक खोली, एक पितळी घंगाळ आणि मी.

या कामाची एक रीत हाय. सव्वा महिना तुम्ही घरातलं माणूस. मावशी चहा घ्या, मावशी बाळ का रडतंय बघा, मावशी माझ्या कमरेत कळ येतीया. मग शेवटच्या दिवशी साडी, नारळ आणि 'या हं मावशी कधीतरी.' कधीतरी म्हणजे कधीच न्हाय, हे कळायला मला दहा वर्षं लागली. एकदा खुळ्यागत एका घरी गेलते, तर बाई दारातनंच म्हणाली, 'काय वो, काय काम होतं?' त्यानंतर मी कुणाकडं आपणहून गेले न्हाय.

जयाबाईचं घर तेवढं वेगळं. दोन गल्ल्या सोडून. तिच्या सूरजला मीच न्हाऊ घातलेलं. तो मोठा झाला, उद्यमबागेत कारखान्यात लागला, आणि जयाबाईनं निपाणीच्या आपल्या भावाची पोरगी सून करून आणली. आमच्याकडं चालतंच ते. भावाची लेक घरात आली की माहेर तुटत न्हाय म्हणतात. ऋतिका तिचं नाव. गुणी पोरगी. तिला आई न्हवती, म्हणून पहिलं बाळंतपणही आत्याकडंच, म्हणजे सासरीच झालं. मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवायचं आधीच ठरलेलं, भरमू.

या भरमूचंच सांगायचं हाय. सरळ सांगते, फिरवून सांगायला मला येत न्हाय.

जयाबाईच्या घरात पूर्वीपासनं एक पद्धत. नाळ पडल्याशिवाय बाळ पाळण्यात घालत न्हाईत. त्यामुळं बाराव्या दिवशी बारसं म्हणजे अकराव्या दिवसापर्यंत नाळ पडायलाच पाहिजे. आणि माझा तर त्यात लौकिक! 'गुणाबाईचा हात लागला की आठव्या दिवशी नाळ पडती,' असं बायका एकमेकींना सांगायच्या. मला ते ऐकायला लई आवडायचं. दुसरं काय होतं माझ्याकडं आवडायला?

भरमूची नाळ आठव्या दिवशी हलली न्हाय. दहाव्या दिवशी वरनं वाळून काळी झाली, पण मुळाशी ओली आणि घट्ट. अकराव्या दिवशी सकाळी जयाबाई न्हाणीच्या दारात आली. आचारी सांगून झालेला, निपाणीहून दोन गाड्या भरून माणसं निघायची होती. 'गुणाबाई, तुमच्या हातात हाय बघा आता,' म्हणाली.

ती गेल्यावर मी कात्री उकळत्या पाण्यात धरली आणि वाळलेला भाग कापला. मुळाशी बोटाच्या पेराएवढं खुंट राहिलं. त्यावर कापडाची घडी ठेवली आणि वरनं पट्टा बांधला. बेंबी वर येऊ नये म्हणून बांधतातच, त्यात नवीन काय न्हवतं. बाहेर येऊन म्हणाले, 'तेल लावताना हातात आली गं जयाबाई.' तिनं माझ्या तोंडात साखर घातली. कापलेला तुकडा तुळशीपाशी पुरला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

'पट्टा कुणी सोडायचा न्हाय, मीच सोडणार,' असं मी ऋतिकाला बजावलं. ते खुंट खरं पडलं अडतिसाव्या दिवशी. मागं लालभडक ओलं तोंड राहिलं. पण पू न्हवता, थेंबभरसुद्धा न्हवता. पू न्हाय म्हणजे जखम चांगली, असं मला सासूनं शिकवलेलं. मी निर्धास्त झाले.

सव्वा महिना संपला, आणि या घरानं मला सोडलं न्हाय! ऋतिका रविवारी फोन करायची. 'मावशी, पोहे केलेत, या.' गेलं की 'बसा की मावशी, कुठं निघालासा लगेच.' एवढंच. बसा की. हे दोन शब्द मला बासष्ट वर्षांत फार लोकांनी म्हटलेले न्हाईत. मी आठवडाभर रविवारची वाट बघायची. धुतलेली साडी शनिवारीच काढून ठेवायची.

भरमूला तिसऱ्या महिन्यात ताप धरला. औषधानं जायचा, परत यायचा. मांडीच्या सांध्यात एक फोड उठला, तो पिकेना, फुटेना, नुसता पसरत काळा पडत गेला. कॅम्पाकडच्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं. तिथली डॉक्टरीणबाई तरणी, पारमिता नावाची. तीही निपाणीची. तिची आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, हे तिनं आपणच ऋतिकाला सांगितलं. खुर्ची ओढून पलंगाशी बसायची आणि सगळं खोदून विचारायची. रक्तात पांढऱ्या पेशी भयंकर वाढल्यात म्हणाली. एवढ्या पेशी आणि जखमेत पू नाही, हे कोडं सुटत न्हाय म्हणाली. मग विचारलं, 'नाळ कधी पडली होती?'

'अकराव्या दिवशी,' जयाबाई म्हणाली.

मी तिथंच होते. पलंगाच्या पायाशी, भरमूचे तळवे चोळत होते. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मला काय माहीत, त्या प्रश्नात काय होतं? नाळ कधी पडली, दात कधी आले, दवाखान्यात असं विचारतातच. पण खोटं बोलत न्हाय, एक गोष्ट मला तेव्हा जाणवलेली. उत्तर ऐकून त्या बाईचा चेहरा उतरला. काहीतरी हाताशी आलतं आणि निसटलं, असा. मी तो चेहरा बघितला आणि तळवे चोळत राहिले.

भरमू साडेचार महिन्यांचा असताना गेला.

त्यानंतरही रविवारचे फोन थांबले न्हाईत, हीच तर शिक्षा झाली. उलट ऋतिका मला सोडेना. 'मावशी, त्याला तुम्हीच जास्त हातात घेतलंसा,' म्हणून रडायची, आणि मी तिच्या पाठीवरनं हात फिरवायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं न्हाय. पण जायची मात्र दर रविवारी. लाज वाटते सांगायला, पण जायचीच.

दोन वर्षांनी ऋतिकाला मुलगी झाली. केसाळ, गोरीपान, रडायला लागली की गल्ली जमा करणारी. जयाबाईनं पहिल्याच दिवशी मला हाक मारली. 'तुमच्याशिवाय कोण वो दुसरं!'

आठवा दिवस गेला. बारावा गेला. बारसं पुढं ढकललं. मी रोज न्हाऊ घालताना खालच्या मानेनं बेंबी बघायची. तेच. वरनं वाळलेली, मुळाशी ओली आणि घट्ट. बाविसाव्या दिवशी मुळाभोवती लाल कडं दिसलं. पू न्हवता.

जयाबाईचा जीव वरखाली. 'गुणाबाई, येत्या रविवारी माणसं यायलीत. काय तरी करा की. भरमूच्या वेळी कशी टायमात पडली!'

कात्री माझ्या पिशवीतच होती. पण या खेपेला मी म्हणाले, 'डॉक्टरीणबाईला दाखवू या.'

'नाळंला दवाखाना? खुळ्या झालासा काय?'

'दाखवू या, जयाबाई. पाया पडते.'

माझ्या तोंडाकडं बघून ती तयार झाली. खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात सगळं ओकायचं न्हवतं. मला वाटलं, बाई हुशार हाय, बघून तिचं तिलाच कळंल. पोर वाचंल आणि माझी मूठही झाकलेली राहील. माणूस किती चिकट असतं बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जयाबाई, सूरज, ऋतिका आणि मी. बाळ माझ्या मांडीवर. पारमिताबाईंनी बेंबी बघितली, वजन केलं, ताप बघितला. कपाळाला आठी होती.

'आधीच्या बाळाची नाळ कधी पडली होती?'

तोच प्रश्न.

'अकराव्या दिवशी,' जयाबाई म्हणाली, आणि कौतुकानं माझ्याकडं बघितलं. 'आमच्या गुणाबाईंच्या हातात आलती. त्यांचा हातच तसा हाय बाई.'

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढून बघितला. तिथंही तेच लिहिलेलं. आठी सैल झाली. 'मग तेवढी काळजी नको. काही बाळांना चार आठवडेही लागतात. वजन छान आहे, ताप नाही. मलम देते. पंधरा दिवसांनी दाखवा.'

जयाबाई उठलीसुद्धा. सूरजनं कागद घेतला. ऋतिका म्हणाली, 'चला मावशी, घरी जाऊन पहिला चहा टाकते.'

मांडीवरचं पोर माझ्या बोटाला धरून झोपलेलं. पंधरा दिवस. भरमूचा फोड काळा पडायला आठ दिवस लागलेले.

'पडली न्हवती,' मी म्हणाले.

'काय?'

'भरमूची नाळ. अकराव्या दिवशी पडली न्हवती. मी कापली. खुंट पट्ट्याखाली झाकलं. ते अडतिसाव्या दिवशी पडलं. मी फेकून दिलं.'

जयाबाई हसली. खरंच हसली, तिला वाटलं म्हातारीला चक्कर आलीया. 'काय बोलायलासा वो? आम्ही तुळशीपाशी पुरली की!'

'तो वरचा तुकडा.'

मग कोण हसलं न्हाय. डॉक्टरीणबाई खुर्चीतनं पुढं झाल्या. 'मावशी, मी तेव्हा विचारलं होतं.'

'व्हय.'

'तुम्ही तिथं होता.'

'व्हय. पायाशी.'

ऋतिकानं हात पुढं केले आणि माझ्या मांडीवरनं पोर उचललं. मान सांभाळून, हळूच, मी शिकवलेलं तसंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या जयाबाईनं दिल्या. देऊ दे, तिचा नातू होता.

पारमिताबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि कागदाच्या पाठीवर एक नळी काढली. ही रक्ताची नळी, म्हणाल्या. यातून पांढऱ्या पेशी फिरतात. कुठं कापलं, जंतू शिरला, की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते. ती सूज म्हणजे बोलावणं. ते कळलं की पेशी नळीच्या भिंतीला धरून थांबतात, फटीतून बाहेर पडतात आणि जंतूंना खातात. खाऊन मरतात, त्याचाच पू होतो. मेलेलं सगळं साफ झालं की मग खालून नवीन मांस भरायला लागतं. 'काही बाळांच्या पेशींना जन्मापासून भिंत धरताच येत नाही. धरायचा हातच नसतो त्यांना.'

'म्हणजे बस माणसांनी भरलेली, पण उतरायला दार न्हाय,' मी म्हणाले. माझ्याकडं कुणी बघितलं न्हाय.

'तसंच,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'रक्तात गर्दी, जखमेत कुणीच नाही. आणि मावशी, नाळ आपोआप पडत नसते. ह्याच पेशी येऊन तिचं मूळ सोडवतात. म्हणून मी ते विचारते.'

अडतीस वर्षं मी त्या पेशींचं श्रेय माझ्या हाताला घेत होते.

'तेव्हा कळलं असतं तर भरमू जगला असता?' सूरजनं विचारलं. त्याचा आवाज लहानपणी होता तसा बारीक झालता.

'सांगता येत नाही,' त्या म्हणाल्या. 'उशीर झालेला होता. पण कुठं शोधायचं ते कळलं असतं. हिच्या वेळी पोटात असतानाच तपासता आलं असतं. तुम्ही दोघं एकाच आजोबांची नातवंडं. दोष दोघांकडं लपून असेल, तर दर खेपेला चारात एक बाळ असं निघू शकतं.'

जयाबाईनं पदर तोंडाशी नेला. भावाची लेक तिनंच हौसेनं आणलेली.

रक्त बेंगळूरला पाठवायचं ठरलं. फॉर्म भरताना नर्सनं बाळाचं नाव विचारलं. बारसं कुठं झालतं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. ऋतिका म्हणाली, 'माधवी लिहा.' ना पाळणा, ना घुगऱ्या, ना आत्याबाईची कुर्र. नाळ अंगावर असतानाच त्या घरातल्या पोरीचं नाव ठेवलं गेलं. मी दारापाशी उभी होते. मला कुणी जा म्हटलं न्हाय, या म्हटलं न्हाय. मी बसनं घरी आले.

आठ-दहा दिवसांत कळलं, गल्लीतनंच कळलं. माधवीला तेच होतं. पण जंतू अजून शिरला न्हवता, वेळ हातात होता. बेंगळूरला न्यायचं, सूरजच्या हाडातली मज्जा तिला द्यायची, म्हणजे नवीन पेशी तयार होतील. गल्लीत दुसरीही बातमी फिरली, माझी. ज्या दोन बायकांनी पुढच्या महिन्यासाठी सांगून ठेवलेलं, त्यांनी फोन उचलले न्हाईत. बरोबर केलं. मी असते तर मीही उचलला नसता.

बेंगळूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ऋतिका माझ्या खोलीवर आली. एकटीच. पोरीला आता बाहेरच्या कुणी हात लावायचा न्हवता. एवढ्या वर्षांत ती माझ्याकडं पहिल्यांदाच आलती, नेहमी मीच जायची. मी चटई टाकली. बस म्हणायचं माझ्या जिभेवर आलं, पण माझं धाडस होईना. ती आपणच बसली.

'एकच विचारायला आलेय,' म्हणाली. 'बारशाला कापलंसा, ते मी समजू शकते. आत्यांची घाई होती, तुमचं नाव होतं. पण दवाखान्यात त्या बाई विचारत होत्या, भरमू पलंगावर पडलेला होता. तेव्हा का गप्प बसलासा?'

मी दोन वर्षं या प्रश्नाचं उत्तर घोळवत होते. मला कळलं न्हाय, मी अडाणी, मी घाबरले, अशी चार-पाच तयार होती. त्यातलं एकही तिच्या तोंडाकडं बघून सांगवेना.

'तुझ्या घरातलं रविवारचं बोलावणं बंद होईल म्हणून,' मी म्हणाले.

तिला आधी समजलंच न्हाय. 'कसलं बोलावणं?'

'पोह्यांचं. तू बसा की म्हणायचीस. मला दुसरं कोण म्हणत न्हाय गं. सांगितलं असतं तर तू परत म्हटलं नसतंस.'

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं मारंल. मारायला पाहिजे होतं. मग डोळे पुसून म्हणाली, 'भरमू गेला तरी मी तुम्हाला बोलावतच होते, मावशी. सांगितलं असतंसा तरी बोलावलं असतं. भांडले असते, मग बोलावलं असतं. तुम्ही एकट्या म्हणून आत्यांना मीच म्हणायचे दर रविवारी, फोन करू या म्हणून.'

मी जमिनीकडं बघत होते.

'आता मात्र न्हाय बोलावणार,' ती म्हणाली आणि उठली.

'व्हय,' मी म्हणाले. 'पोरीला सांभाळ.'

सात महिने झाले त्याला. ती माणसं बेंगळूरहून आली, हे मला त्यांच्या दारात उभी गाडी बघून कळलं. त्या गल्लीनं मी जात न्हाय आता, लांबून दिसलं. विचारायचं कुणाला? शेवटी बस धरून कॅम्पात गेले आणि दवाखान्यात पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. पारमिताबाई बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं, पण बस म्हणाल्या न्हाईत.

'जगली?' मी विचारलं.

'जगली. नवीन पेशी धरल्या आहेत. कालच आली होती, बसायला लागलीय आता.' मग म्हणाल्या, 'तुम्ही त्या दिवशी बोललात, म्हणून वेळेवर झालं.'

मी मान हलवली. परत बसनं आले. कुलूप काढलं, आत आले, आणि तोंडातनं मोठ्यानं निघालं, 'जगली गं, माधवी जगली!'

कुणाला सांगितलं, कुणास ठाऊक. खोलीत मीच होते.